गुण मिठाचा होता

दिल्या,

शाळेने तुझ्यासाठी रविवारी सभा ठेवली आहे. मैदानात नाही, वरच्या हॉलमध्ये. खाली ऊन लागेल म्हणे. तुला हे अजिबात पटलं नसतं. परवा शुभदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही ती गोष्ट सांगा. हे सांगायचे तशी नको, हे फार मसाला घालायचे. पण सांगा." मी हो म्हणालो. फोन ठेवला, दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलं आणि पेशंटच्या बाकावर जाऊन बसलो. पंख्याखालच्या कोपऱ्यात, तुझ्या जागेवर.

ती गोष्ट तू चौदा वर्षं सांगत आलास. लग्नाच्या पंगतीत, खो-खोच्या मॅचनंतर, कांदिवलीच्या मार्केटात भाजी घेताना कोणी ओळखीचा भेटला तरी. "हा बघा आमचा मिलिंद. आठवीपासून माझ्या बाकावर. आयसीयूमध्ये मोठमोठे डॉक्टर डोकं खाजवत होते. हा आला, माझ्या तोंडात बघितलं आणि म्हणाला, हिरड्या बघा. बस. त्या हिरड्यांवर मी जिवंत आहे." मग माझ्याकडे वळून, दर वेळी तेच: "तुला कसं रे कळलं?" आणि मी, दर वेळी तेच: "अनुभव."

तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत सगळं आटपलं. हृदय होतं. तुझ्या त्या जुन्या आजाराचा त्यात काही हात नव्हता, मी कागद दोनदा तपासले. तुझ्या गोळ्या डबीत वाराप्रमाणे भरलेल्या होत्या, सकाळची तू घेतली होतीस. इंजेक्शनची पिशवी दाराच्या खुंटीला होती. शिस्तीत गेलास. म्हणून ह्या पत्रात मला तुझ्या मरणाबद्दल काही कबूल करायचं नाही. करायचं आहे ते तुझ्या जगण्याबद्दल.

पहिल्यापासून सांगतो. बरंचसं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूने.

आजारपणाच्या आधीची ती दोन वर्षं आठव. तुझं वजन उतरायला लागलं. सकाळी मळमळायचं. खुर्चीतून उठलास की डोळ्यांपुढे अंधारी. मुलींना खो-खो शिकवताना तू शिटी वाजवून खाली बसायचास आणि मुली हसायच्या. रंगाने तू काळवंडत चालला होतास, पण पीटीचा मास्तर, मालाडच्या त्या उघड्या मैदानावर दिवसभर. कोणाला वेगळं वाटणार? मी तुला 'कोळसा' म्हणायचो. तू म्हणायचास, "ए गोऱ्या, तू एसीत बस आणि खोकल्याच्या बाटल्या वाट."

मी तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड. सगळं ठीक. बीपी तेवढं कमी. मी म्हणालो, "वीकनेस आहे," आणि आमच्याकडे करतात तेच केलं. बाटली लावली.

बाहेरच्या माणसाला हे समजणार नाही, पण आपल्या उपनगरात सलाईनची बाटली हा एक उपचार नाही, मान आहे. माणूस स्वतःच सांगतो, "डॉक्टर, एक बाटली लावून टाका ना." गोळीने बरं वाटलं तर गोळी चांगली, बाटलीने बरं वाटलं तर डॉक्टर चांगला. बहुतेकांना त्याने काही होत नाही, तासभर आडवं पडायला मिळतं, तेवढंच. पण तुला व्हायचं. तू आत यायचास तेव्हा भिंतीला धरून, आणि जाताना जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरायचास. एकदा सुई काढल्या काढल्या रोझीबाईंना म्हणालास, "बाई, नाच करू का?" आणि मला म्हणालास, "मिल्या, तुझ्या हाताला गुण आहे रे."

दिल्या, गुण मिठाचा होता. त्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाण्याशिवाय दुसरं काहीही नसतं, एक लहान चमचाभर मीठ सोडून. आणि तुझ्या शरीरात मीठ टिकत नव्हतं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन बारक्या ग्रंथी असतात. अंगातलं मीठ धरून ठेवणं, बीपी राखणं, ताप किंवा धक्का आला की शरीराला उभं ठेवणं, ही कामं त्यांच्या रसांची. तुझ्या त्या दोन्ही मरत चालल्या होत्या. डोक्यातली मुख्य ग्रंथी त्यांना हाका मारत होती, "अरे, काम करा, काम करा," आणि त्या हाकांनीच कातडी काळी पडते. उन्हाने नव्हे. मी बाटली लावायचो, दोन-तीन दिवस भागायचं, पुन्हा वाट लागायची, तू पुन्हा यायचास. ज्या माणसाला नुसत्या मिठाच्या पाण्याने नाचावंसं वाटतं त्याला काय झालंय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो एवढाच, की आता पुढची बाटली कधी.

आणि आठवीत तुला टीबी झाला होता. तुझ्या घरी वह्या पोचवायला मीच यायचो. टीबी वर्षानुवर्षं दबून राहून त्या ग्रंथी पोखरतो, हे पुस्तकात असतं, मी ते वाचून पास झालो होतो. तुझ्या केसपेपरवर ती ओळ नव्हती, कारण मित्राला पूर्वीचे आजार कोण विचारतं.

इथपर्यंतचं तू मला एखादवेळी माफ केलं असतंस. "चालायचं, यार," म्हणाला असतास. आता पुढचं ऐक.

रोझीबाई आठवतात ना. माझ्याकडे एकवीस वर्षं कंपाउंडर. शिक्षण नववी. मालवणीच्या पुढच्या त्यांच्या जुन्या गावातून यायच्या, डब्याबरोबर एक काचेची बरणी असायची, खारातल्या कैऱ्यांची. तू बाटली लावून पडलेला असायचास तेव्हा त्या तुला एक फोड द्यायच्या. एकदा मला म्हणाल्या, "डॉक्टर, सर कैरी ठेवतात आणि खार पितात."

मी म्हणालो, "पिऊ दे."

"नाय, म्हणजे पेल्यात ओतून पितात. पाण्यासारखा. मी तोंडाला लावला तर ओकारी येईल."

मी हसलो. तुला सांगितलंही, तू म्हणालास, "अरे, घरीही भाकरीवर मीठ चोळून खातो, शुभदा ओरडते." आपण दोघं हसलो. हे सगळं मला सांगितलं जात होतं, दिल्या. माझ्यासमोर मांडून ठेवलं जात होतं.

मग गणपतीच्या आधीचा तो दिवस. तू कसल्यातरी विनोदावर तोंड उघडून मोठ्याने हसलास आणि गेलास. रोझीबाई पुढचा पेशंट पाठवायला थांबल्या नाहीत, आत आल्या, दार लोटून घेतलं.

"डॉक्टर, सरांच्या हिरड्या बघितल्या काय तुम्ही?"

"का?"

"काळ्या पडल्यात. शाईसारखे डाग. आणि तळहाताच्या रेषा पण. उन्हानं अंग काळं होतं, ते मला म्हाईत हाय, आमचे सगळे होडीवर असतात. पण हिरड्यांना कुठं ऊन लागतं?"

मी मान वर केली. मला तो क्षण नीट आठवतो, कारण मी तो चौदा वर्षं पुन्हा पुन्हा पाहिला आहे. माझ्या डोक्यात कुठेतरी काहीतरी हललं होतं. एखादं नाव ओठांवर यावं आणि न यावं तसं. बाहेर वीस माणसं होती. आणि समोर माझी कंपाउंडर मला निदान सांगत होती. मी म्हणालो, "तंबाखू असेल, बाई. पुढचा पाठवा."

तू आयुष्यात तंबाखू खाल्ली नाहीस. मला ते माहीत होतं. बोलतानाही माहीत होतं. त्या बाईला दारापासून परत पाठवायला मला काहीतरी हवं होतं आणि हाताला तंबाखू लागली.

त्या "बरं," म्हणाल्या. पुढचा पेशंट आला.

त्यानंतर चार महिने गेले. हे चार महिने तुझ्या गोष्टीत नसायचे. तुझी गोष्ट एकदम आयसीयूत सुरू व्हायची.

त्या चार महिन्यांत शाळेने तुला मैदानावरून काढलं आणि लायब्ररीत बसवलं. मुलींची टीम दुसऱ्याने नेली आणि ती पहिल्याच फेरीत हरली. तू माझ्याकडे आलास आणि पहिल्यांदाच तुझा आवाज उतरला होता. म्हणालास, "मिल्या, मला काहीतरी झालंय. खरंच झालंय." मी तुझे सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले, एकेका आकड्यावर पेन ठेवून दाखवलं आणि म्हणालो, "तुला काही झालेलं नाही. हे मनाचे खेळ आहेत. थोडा कडक हो." तू मान हलवलीस. तुझ्यासारख्या माणसाला मी 'कडक हो' म्हणालो, आणि तू ते मानलंस. घरी जाऊन आरशापुढे उभा राहून काय म्हणाला असशील, मला कल्पना करवत नाही. तू कधी सांगितलं नाहीस.

मी वहिनींनाही तेच सांगितलं. त्या माझ्याकडे एकट्या आल्या होत्या. "फार लाड करू नका," म्हणालो.

मग डिसेंबरातला शाळेचा क्रीडादिन. दोन दिवस ताप, उलट्या, तरी तू उठून गेलास, कारण कडक व्हायचं होतं. झेंड्यापाशी कोसळलास. बोरिवलीच्या हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा तुझं बीपी मशीनला सापडत नव्हतं. पोटाचं इन्फेक्शन, असं धरून ते धावपळ करत होते. रक्तातलं मिठाचं प्रमाण का ढासळलंय ते कळत नव्हतं. मी तुझ्या उशाशी उभा होतो. तुझा ऑक्सिजनचा मास्क सरकला, ओठ जरा वर गेला, आणि मला रोझीबाईंचा आवाज ऐकू आला. मराठीत, त्यांच्या हेलासकट. हिरड्यांना कुठं ऊन लागतं?

मी तिथल्या तरुण डॉक्टरला म्हणालो, "ह्याच्या हिरड्या बघा."

त्याने बघितल्या. तळहात उघडला, रेषा बघितल्या. माझ्याकडे वळून एका शब्दात आजाराचं नाव घेतलं, इंजेक्शन मागवलं, रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता ते इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तू चहा मागितलास. चौथ्या दिवशी वॉर्डात तू सगळ्यांना सांगत होतास की मिलिंदने ओळखलं. त्या पोराने, म्हणजे त्या डॉक्टरनेही मला 'सर' म्हणून विचारलं, "सर, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. तुमच्या कसं आलं?"

तेव्हा तो शब्द पहिल्यांदा निघाला. अनुभव.

पहिल्यांदा जीभ जड झाली होती. दुसऱ्यांदा नाही.

पुढची वर्षं तुझी. ती तू मजेत जगलास आणि त्यांचं मला काही वाईट वाटत नाही. सकाळी एवढी गोळी, दुपारी एवढी, आणि मीठ धरून ठेवणारी ती बारकी वेगळी. ताप आला की डोस दुप्पट. उलटी झाली, गोळी पोटात ठरली नाही, तर इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. गोळी कधीही, कशासाठीही, बंद करायची नाही. हे मी तुला इतक्यांदा सांगितलं की तू त्याचं समूहगीत करून मुलींना शिकवण्याची धमकी दिली होतीस. पाकिटात कार्ड ठेवायचास, त्यावर आजाराचं नाव आणि खाली माझा फोन नंबर. संकष्टीच्या उपासावरून आपण भांडायचो. "खिचडीबरोबर गोळी चालते का गणपतीला?" असं तू विचारायचास, आणि "गणपतीला चालते, वहिनींना विचार," असं मी म्हणायचो. मैदानावर परत गेलास. टीम परत नेलीस. तुझा रंग उजळला आणि मला 'कोळसा' म्हणायला काही उरलं नाही.

आणि गोळ्या सुरू होऊन महिना झाला तेव्हाची गोष्ट. तू दवाखान्यात आला होतास. रोझीबाईंनी सवयीने बरणी पुढे केली. तू एक फोड तोंडात टाकलीस आणि तोंड वाकडं केलंस. "बाई, केवढी खारट!" त्यांनी बरणीला झाकण लावलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "झाले बरे." मी रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होतो. रिपोर्ट संध्याकाळी आला. झाला होतास बरा.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी आपण दवाखान्यातच केक कापला. तू त्यांच्यासाठी घड्याळ आणलं होतंस. म्हणालास, "रोझीबाई, तुमच्या डॉक्टरने मला जिवंत ठेवलं बरं का." त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच, बघितलं. मला वाटलं, आता मी बोलेन. तोंड उघडलंही होतं. त्या म्हणाल्या, "हो तर. सर, केक घ्या." आणि मी केक खाल्ला.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. गेल्या वर्षी तू बाकावर बसून माझं काम बघत होतास. एक म्हातारी काहीतरी लांबण लावून सांगत होती आणि मी चिठ्ठी लिहून तिला उठवलं. ती गेल्यावर तू म्हणालास, "तू लोकांना फार लवकर गप्प करतोस रे."

"साठ पेशंट असतात दिवसाला. तू बस ह्या खुर्चीत."

"मी मुलींना काय शिकवतो? खो मिळाला की उठायचं. कोणी दिला, नीट दिला का, मागे वळून बघायचं नाही. पाठीवर हात पडला, उठ."

"इथे खो-खो नाही चाललेलं."

"बरं बाबा," म्हणालास आणि पेपर उघडलास. तू सहज बोललास. तुला ठाऊक नव्हतं, निदान मला तरी तसं वाटतं. पण मी त्या दिवशी पुढचे तीन पेशंट काय सांगत होते ते ऐकू शकलो नाही. माझ्या पाठीवर हात पडला होता, दिल्या. स्वच्छ, जागच्या जागी. आणि मी चार महिने बसून राहिलो, कारण हात कंपाउंडरचा होता.

काल सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या तुझ्या शिट्ट्या एका डब्यात भरत होत्या, शाळेला द्यायला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. हिरड्या, तंबाखू, चार महिने. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा जा म्हणतील.

त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही आजारच होता."

"हो."

"लायब्ररीत बसवलं तेव्हा?"

"हो, वहिनी."

"मी त्यांना म्हणाले होते, घरात बसून खायची सवय लागली तुम्हाला. एकदा नाही, रोज म्हणायचे. तुम्ही म्हणाला होतात ना, लाड करू नका." शिटीची दोरी त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या. "नंतर मला वाटायचं, आजार मागाहून आला असेल. आधीचं खरंच मनाचं असेल. मी स्वतःला तसं सांगितलं, भाऊजी. तुम्ही ओळखलंत ना लगेच, मग आधी असता तर आधीच ओळखलं असतंत, असं."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं माझं खोटं माझ्यापुरतं आहे. तुझी ती गोष्ट ऐकताना दर वेळी त्या शेजारी बसलेल्या असायच्या, पापड वाढत असायच्या, आणि माझ्या त्या एका शब्दाच्या आधाराने ते चार महिने त्या 'मनाचे' म्हणून धरून होत्या. तुलाही तसंच वाटत राहिलं का रे? की तू चार महिने भित्रा होतास आणि मग आजारी पडलास? नव्हतास. कधीच नव्हतास. एवढं तरी तुला वेळेवर सांगायला हवं होतं.

दोरी गुंडाळलेली शिटी डब्यात ठेवून वहिनी म्हणाल्या, "रविवारी हे सांगणार?"

"तुम्ही नको म्हणालात तर..."

"सांगा. मी समोर बसेन. मला आत्ता तुमचा राग येतोय, तो राहू दे. पण सांगा." मग दारापर्यंत आल्या. "त्या बाई आहेत का अजून?"

आहेत. मी तिथूनच रिक्षा केली. पंचाहत्तरीच्या पुढे गेल्या आहेत, घराच्या पडवीत बसल्या होत्या, सुकत घातलेल्या सुकटीवर लक्ष ठेवत. तुझी बातमी त्यांना चर्चमध्ये कळली होती, तुझ्या नावाने मेणबत्ती लावून आल्या होत्या. मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "बसा तर खरे." मी बसलो. सगळं बोललो. त्यांनी मला अडवलं नाही, सोपंही केलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मी पण परत बोलायला पायजे होतं. एकदा बोलले आणि गप ऱ्हायले. म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांना म्हाईत असेल."

"तुम्ही एकदा बोललात ते पुरेसं होतं, बाई."

"पुरेसं कुठं? सर पडलेच ना."

रविवारी त्यांना आणायला गाडी पाठवतो म्हणालो. "बोलायला लावणार नाय ना?" एवढंच विचारलं. निघताना हातात एक बरणी दिली. सवयीने.

उद्या रविवार. त्या पहिल्या रांगेत बसतील, वहिनींच्या शेजारी. तुझ्या खो-खोच्या मुली असतील, आता बाया झालेल्या, कडेवर पोरं घेऊन. मी उभा राहीन. ते सगळे तुझी गोष्ट ऐकायला आलेले असतील आणि ती त्यांना पाठ आहे. माझ्या तोंडून ती वेगळी निघाली की हॉलमध्ये काय होईल मला ठाऊक नाही. दवाखान्यात कदाचित माणसं कमी होतील. होऊ देत. हल्ली मी प्रत्येकाला तोंड उघडायला लावतो, सर्दीवाल्यालाही. लोक हसतात.

आत्ता दुपारचा दवाखाना बंद आहे. मी तुझ्या कोपऱ्यात बसलो आहे, बरणी शेजारी आहे. मघाशी एक फोड खाल्ली. फार खारट आहे रे. तू हा खार पेल्याने प्यायचास आणि मी हसायचो.

उद्या त्यांना सांगायच्या आधी तुला सांगतो. तू चौदा वर्षं विचारत होतास, तुला कसं रे कळलं.

मला कळलं नव्हतं, दिल्या. मला सांगितलं होतं.